नळी कोठे शे?

मोठ्या आईची पहिली किमो झाली त्या रात्री अडीच वाजता मला जळगावात फोन आला. गाव आमचं चोपड्याच्या पुढे. फोनवर आप्पा, मागे अख्ख्या घराचा गलका. "तिले रक्त पडी राह्यनं. मी गाडी काढस."

मी विचारलं, कुठून पडतंय? म्हणे लघवीतून. दुखतंय का? नाही. गुठळ्या? नाही. रंग कसा? आप्पा आत जाऊन विचारून आले. म्हणाले, रसना सरबतासारखा.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते रक्त नव्हतं, औषध होतं. डॉक्सोरुबिसिन मुळातच लालभडक असतं. सलाईनमधून शरीरात गेलं की पहिले एक-दोन दिवस लघवीला त्याचा रंग येतो. ज्या दवाखान्यात किमो दिली तिथे हे कुणी सांगितलं नाही, यावर घरचे चार दिवस चिडलेले होते. मी गप्प बसलो, कारण त्या वेळी मी पीएचडी करत होतो ती याच औषधावर. रोज दहा-बारा परीक्षानळ्यांत तो रंग बघायचो आणि माझ्याही तोंडून घरी एक शब्द निघाला नव्हता.

तीनेक आठवड्यांनी गावी गेलो. मोठी आई ओसरीवर बसली होती, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. तिने मला साधा प्रश्न विचारला. "ते लाल पाणी सरळ गाठीवरच का नाही सोडत रे? केसांनी काय घोडं मारलं होतं?"

या एका प्रश्नावर जगभर हजारो लोक पोट भरतात. त्यातला मीही एक.

डॉक्सोरुबिसिन सापडलं ते मातीतल्या एका सूक्ष्मजीवामुळे. स्ट्रेप्टोमायसिस कुळातला, इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याजवळच्या मातीतून मिळालेला. हे औषध पेशीच्या डीएनएमध्ये घुसून तिचं विभाजन अडवतं. कॅन्सरच्या पेशी भराभर वाढतात म्हणून त्यांना जास्त मार बसतो. पण केसांची मुळं, तोंडाच्या आतली त्वचा, हाडांतला मगज यांचीही वाढ भराभर चालू असते, त्यांनाही तो बसतो. आणि हृदयाचं नुकसान वेगळंच. म्हणून या औषधाचा हिशोब आयुष्यभरासाठी ठेवतात. शरीराच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळामागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम, त्यापुढे सहसा जात नाहीत. मोठ्या आईची किमोआधी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली ती त्यासाठीच.

आता मला शायनिंग मारायची हुक्की आली. आमची चार एकर केळी. माझ्या लहानपणी मोकाट पाणी द्यायचो, सरीतून सोडलं की निम्मं बांधाला, निम्मं गवताला. मग ठिबक आलं. मी आप्पांना म्हटलं, किमो म्हणजे मोकाट पाणी. मी जे करतोय ते ठिबक. बारीक कणांत औषध भरायचं आणि झाडाच्या बुडाशीच सोडायचं.

आप्पा सुपारी कातरत होते. हात न थांबवता म्हणाले, "ठिबकले नळी ऱ्हास, भाऊ. तुन्ही दवाईले नळी कोठे शे?"

मी म्हटलं, लोहचुंबक आहे ना.

"कितलं मोठं लागी?"

यावर मी जे बोललो ते आठवलं तरी आजही कसंनुसं होतं. शब्द बरेच होते, उत्तर नव्हतं.

लोखंडाचे चुंबकीय नॅनोकण बनवणं हे या सगळ्या कामातलं सोपं काम. खरंच सोपं. फेरिक आणि फेरस ही लोखंडाचीच दोन रूपं. फेरिक क्षार दोन भाग, फेरस क्षार एक भाग, पाण्यात विरघळवायचे आणि त्यात अमोनिया सोडायचा. १९८१ साली मासार यांनी मांडलेली ही रीत आजही घरच्या वरणासारखी सगळ्या लॅबमध्ये शिजते. फेरिक क्लोराइडचे पिवळे-नारिंगी खडे हवेतलं पाणी ओढून बाटलीतच ओले होतात, हाताला लागले की डाग आठवडाभर जात नाही. फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस. केळीची पानं पिवळी पडली की फवारतात तोच. अमोनियाची धार पडली रे पडली की नारिंगी पाणी क्षणात काळं कुळकुळीत होतं. बाटलीच्या बाहेर चुंबक लावा, सगळा काळा गाळ त्या बाजूला धावत जातो आणि पाणी नितळ. विज्ञान प्रदर्शनात या एका प्रयोगावर मी तीनदा टाळ्या घेतल्या आहेत.

माझी पहिली खेप मात्र काळी झालीच नाही. चॉकलेटी झाली. चुंबक लावला तर गाळ जांभया देत हलला. दोन दिवस अमोनियाला शिव्या दिल्या, मग कळलं की हिराकस जुना होता. ताजा हिराकस फिक्या हिरव्या काचेसारखा दिसतो, हा वरून तांबूस झालेला, म्हणजे त्यातलं बरंचसं फेरस आधीच फेरिक होऊन बसलेलं. दोनास एक हे प्रमाणच बिघडलं होतं. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, दुकानदारही आम्हाला असाच देतो, आम्ही बघून घेतो.

हे कण दहा-पंधरा नॅनोमीटरचे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. इतके बारीक का? खिळा चुंबकाला घासला की तो स्वतःच चुंबक होतो, चुंबक दूर नेला तरी टाचण्या धरून ठेवतो. तसले कण रक्तात सोडले तर एकमेकांना चिकटून गुठळी करतील. पण मॅग्नेटाइटचा, म्हणजे आपल्या या काळ्या गाळाचा, कण साधारण वीस नॅनोमीटरच्या खाली गेला की नुसत्या अंगच्या उष्णतेने त्याची चुंबकीय दिशा सतत पलटत राहते. चुंबक समोर आहे तोवर आज्ञाधारक, चुंबक गेला की सगळं विसरला. याला सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. मला हा गुण फार आवडतो. आमच्या बैलालाही असाच होता.

पण हाच बारीकपणा नडतो. चुंबकाची ओढ कणाच्या आकारमानावर असते. कणाचा व्यास निम्मा केला की ओढ आठवा हिस्सा. आणि चुंबकापासूनचं अंतर वाढलं की ती धडाधड पडते.

आप्पांच्या प्रश्नानंतर जळगावला परत आलो आणि सलाईनचा सेट घेऊन बसलो. बाटलीत पाणी आणि माझे काळे कण, नळीच्या मध्यावर बाहेरून निओडिमियमचा जोरकस चुंबक, खाली बीकर. चाक घट्ट करून थेंब-थेंब सोडलं तेव्हा चुंबकापाशी नळीच्या आतल्या भिंतीला काळं काजळ धरलं, छान मिशीसारखं. चाक अर्धं उघडलं, मिशीची खालची टोकं सुटली. पूर्ण उघडलं, बीकर काळं. मग चुंबक नळीपासून दोन बोटं लांब धरला आणि परत थेंब-थेंब सोडलं. काही नाही. जणू चुंबक नव्हताच.

आता माणसाच्या अंगाचा हिशोब करा. महाधमनीत रक्त सेकंदाला वीतभर तरी पुढे जातं. अगदी बारीक केशवाहिन्यांत मात्र सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे कण पकडायचे तर केशवाहिन्यांत, आणि चुंबक कातडीच्या बाहेर. यकृतातली, फुप्फुसातली गाठ कातडीपासून किती आत असते?

मोठ्या आईची गाठ छातीची, कातडीच्या जवळ. चुंबकाला सोयीची. पण मग ती सर्जनच्या सुरीलाही तेवढीच सोयीची, आणि ती सुरीने काढलीही. किमो होती ती इकडेतिकडे पसरल्या असतील-नसतील अशा पेशींसाठी. त्या कुठे आहेत हेच माहीत नाही तर चुंबक धरायचा कुठे? हे मला इतक्या स्वच्छपणे आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. प्रस्तावनेत मी 'अचूक लक्ष्यवेध' असा शब्द तीन वेळा लिहिला होता.

माणसांवर हा प्रयोग झालेला आहे. १९९६ साली जर्मनीतल्या ल्युबे आणि सहकाऱ्यांनी १४ रुग्णांना चुंबकीय कणांना बांधलेलं एपिरुबिसिन दिलं. हे डॉक्सोरुबिसिनचं सख्खं भावंड. चुंबक गाठीवर बाहेरून. कण रुग्णांना सोसले ही मोठी गोष्ट, काहींच्या गाठीत ते पोचलेही. पण बरेचसे यकृतात जाऊन बसले. यकृत आणि पाणथरी यांचं कामच ते, रक्तातला परका कचरा वेचायचा. कणांवर पीईजी नावाच्या पाण्याळ पॉलिमरची शाल पांघरली तर ते काही काळ नजर चुकवतात, कायमचे नाही. फार मोठे कण पाणथरीत अडकतात, पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान ते मूत्रपिंडातून बाहेर. २०१६ साली एका गटाने आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या नॅनोकणांच्या प्रयोगांचा ताळेबंद मांडला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोचणाऱ्या वाट्याचा मध्यांक, म्हणजे सगळे आकडे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा, निघाला ०.७ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही. ठिबकचं असं झालं असतं तर आप्पांनी नळ्या गुंडाळून दुकानदाराच्या दारात टाकल्या असत्या.

मग हे सगळं सोडून का दिलं नाही? कारण औषध नेणं हे अर्धं काम. पोचल्यावर सोडणं हे दुसरं अर्धं, आणि मला आता वाटतं की खरी गंमत तिथे आहे.

माझ्या कणांवर पीनिपॅम नावाच्या पॉलिमरचं कवच होतं. या पॉलिमरची खोड अशी की ३२ अंशांच्या खाली त्याच्या साखळ्या पाणी धरून फुगलेल्या राहतात. त्याच्या वर गेलं की पाणी सोडून आक्रसतात, पिळलेल्या फडक्यासारख्या. आत औषध असेल तर तेही पिळून निघतं. कागदावर लिहिलेलं असतं: खोलीच्या तापमानाला पारदर्शक द्रावण तयार करा.

मी ते तयार केलं मे महिन्यात. जळगावात. बाहेर ४४, लॅबमध्ये कूलर आणि कूलरमध्ये गरम पाणी. द्रावण दुधासारखं पांढरं. फेकलं, पुन्हा केलं, पुन्हा पांढरं. बाटल्या धुतल्या, पाणी बदललं, नव्या पॉलिमरची मागणी नोंदवली. चौथ्या दिवशी गाईडना फोटो पाठवून लिहिलं की काहीतरी भेसळ आहे. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "खोलीत किती अंश आहे?"

बाटली फ्रीजमध्ये ठेवली. दहा मिनिटांत पाण्यासारखी नितळ. बाहेर काढली, हातात धरली, आणि हाताच्या उबेने बाजूने पांढरे ढग उठायला लागले. चार दिवस वाया गेल्याचा राग होता, तरी मी ती बाटली वीसेक वेळा आत-बाहेर केली असेन. ज्यांच्या खोलीचं तापमान २५ असतं त्यांना हे बघायला तापवायला लागतं. खान्देशात फुकट.

अर्थात ३२ अंश माणसाच्या अंगाला उपयोगाचे नाहीत, टोचल्याबरोबर आक्रसेल. म्हणून साखळीत पाण्याची ओढ असणारे दुसरे दुवे गुंफून तो आकडा चाळिसाच्या वर न्यावा लागतो. म्हणजे अंगात कवच शांत, आणि गाठ थोडी तापवली की उघडलं.

तापवायचं कसं? इथे चुंबक परत येतो, ओढणारा म्हणून नाही, शेगडी म्हणून. कणांभोवती सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावलं की कण आपली दिशा पलटता पलटता मागे पडतात आणि त्या झटापटीत तापतात. असं क्षेत्र मांसातून आरपार जातं, गाठ किती खोल आहे याची अडचण तितकी राहत नाही. लोखंडी कणांनी गाठ तापवायची कल्पना १९५७ सालापासूनची आहे. मी उत्साहात घरच्या इंडक्शन शेगडीवर काचेची बाटली ठेवून पाहिली. शेगडी भांडं नाही म्हणून पीं-पीं करून बंद पडली आणि बायको स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. पुढचं सांगत नाही.

आम्लता बघून उघडणारी कवचंही असतात. ती तर तुमच्या घरात आहेत. पित्तासाठी सकाळी घेतो ती पँटोप्राझोलची गोळी. तिच्यावरचा थर जठरातल्या आम्लात तग धरतो आणि आतड्यात आम्ल कमी झालं की विरघळतो. नाहीतर जठरातलं आम्ल औषधाचाच फडशा पाडेल. मोठ्या आईला गिळायला त्रास व्हायचा म्हणून घरात ती गोळी कुटून पाण्यातून देत होते. मी पाहिलं तेव्हा कपाळावर हात मारला. कवच फोडलं म्हणजे सगळी कारागिरीच फोडली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून औषधाचा प्रकार बदलून घेतला.

गाठीसाठी कवच उलटं लागतं, आम्लात उघडणारं. पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त. रक्ताचा पीएच ७.४, गाठीच्या आसपास साधारण ६.५ ते ६.८. ऐकायला बरं वाटतं. पण पीएचचा एकेक आकडा म्हणजे दहापट. जठरात २ आणि आतड्यात ६ धरले तर आम्लतेत दहा हजार पटींचा फरक. रक्त आणि गाठ यांच्यात जेमतेम चार ते आठ पट. गोळीचं कवच बनवणाऱ्याचं काम म्हणजे दिवस की रात्र ते ओळखणं, आणि आमचं काम म्हणजे सव्वासहा वाजले की साडेसहा ते ओळखणं. पेशीच्या आत, जिथे कण गिळला जातो त्या पिशव्यांत, पीएच पाचाच्या आसपास उतरतो. तिथे काम सोपं होतं. माझी बरी निघालेली सगळी निरीक्षणं तिथलीच आहेत.

आणि जे दवाखान्यापर्यंत पोचलं ते? युरोपात २०१० साली मेंदूच्या गाठीसाठी लोखंडी कणांचा एक उपचार मंजूर झाला. त्यात औषध नाही, नुसती उष्णता. आणि कण रक्तातून सोडत नाहीत, सुईने थेट गाठीत भरतात. डोक्याभोवती ते क्षेत्र लावायचं म्हणून तोंडातल्या धातूच्या कॅपा आणि दाढांत भरलेला धातूसुद्धा आधी काढावा लागतो. दुसरं, उष्णतेने उघडणाऱ्या चरबीच्या पिशव्यांतलं डॉक्सोरुबिसिन. यकृताची गाठ सुईने जाळता जाळता ते शिरेतून द्यायचं, म्हणजे तापलेल्या भागातून जाताना पिशव्या उघडतील. ७०१ रुग्णांवरची मोठी चाचणी २०१३ मध्ये अपयशी ठरली. मागे वळून बघताना वाटलं की ज्यांची गाठ पाऊण तास किंवा जास्त तापवली त्यांना फायदा झाला असावा. म्हणून पुन्हा चाचणी लावली, तिथेही २०२० मध्ये निराशा. न उघडणाऱ्या, साध्या चरबीच्या पिशव्यांतलं डॉक्सोरुबिसिन मात्र १९९५ पासून बाजारात आहे आणि भारतातही मिळतं. ते गाठीचा अचूक वेध वगैरे घेत नाही. हृदयाला कमी त्रास देतं, इतकंच. इतकंच हे खूप आहे.

"लोखंड आंगमा जाईसन गंजस नही का?" हाही आप्पांचाच प्रश्न. याचं उत्तर माझ्याकडे पक्कं होतं. धाकटी बहीण बाळंतपणाआधी अशक्त होती, हिमोग्लोबिन उतरलेलं, तेव्हा तिला तपकिरी सलाईन लावलं होतं. आयर्न सुक्रोज. ते म्हणजे साखरेत गुंडाळलेले लोखंडाचे नॅनोकणच. शरीर ते फोडतं आणि लोखंड रक्तात वापरतं. मॅग्नेटाइटच्याच जातीचे कण असलेलं फेरुमॉक्सिटॉल अमेरिकेत २००९ साली मंजूर झालं तेही मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी, एका वेळी ५१० मिलिग्रॅम लोखंड. आप्पा म्हणाले, मग हे तर आपल्या घरात आधीच येऊन गेलं.

पीएचडी झाली. आता फार्मसीच्या पोरांना शिकवतो, आणि व्हायवात प्रत्येकाला एकदा तरी विचारतो, नळी कुठंय? बहुतेक जण गोंधळतात. एक मुलगी, यावलची, पटकन म्हणाली, "सर, शिरेतून दिलं तर नळी एकच आहे, ती सगळीकडे जाते." तिला पैकीच्या पैकी दिले.

मोठी आई बरी आहे. केस आले, आधीपेक्षा कुरळे, याचं तिला फार कौतुक. दर तपासणीला इकोचा कागद घेऊन मला दाखवते आणि मी आकडा बघून मान हलवतो.

निओडिमियमचा चुंबक गावी आप्पांकडेच आहे. मागच्या उन्हाळ्यात ठिबकच्या फिल्टरचं झाकण खोलताना त्यांचा पाना हौदात पडला. पाणी गढूळ, छातीएवढं. आधी त्यांनी चुंबक काठावरून पाण्यावर धरून पाहिला, माझ्याकडे बघत. मग खिशातून सुतळी काढली, चुंबकाला दोन वेढे मारून गाठ बांधली आणि हळूहळू आत सोडत गेले. तळ चाचपत चार-पाच फेऱ्या झाल्या. सुतळी एकदम जड झाली.

"लागना," आप्पा म्हणाले.